खडा टिकला कसा

जुनी सोन्याची अंगठी हातात आली की आपण पहिल्यांदा सोनं बघतो. वजन किती भरेल, किती कॅरटचं असेल? अंगठीत फायर ओपल असेल, तर मात्र आधी खडा बघावा. सोनं शंभर वर्षं टिकतं ते स्वतःच्या गुणानं. हा खडा टिकतो तो कुणीतरी जपला म्हणून.

सोन्याचं वय काढणं तसं सोपं. अंगठीच्या आतल्या बाजूला बर्मिंगहॅमच्या कसोटी कार्यालयाचा नांगर आणि १५ कॅरटचा शिक्का असेल, तर ती १८५४ ते १९३२ या काळातली. कारण ब्रिटनमध्ये ही कस-पातळी तेवढ्याच काळात चालली. शेजारच्या अक्षरावरून नेमकं सालही कळतं.

खड्यावर असा शिक्का नसतो. त्या काळातला फायर ओपल बहुधा मेक्सिकोचा. तिथल्या ज्वालामुखीच्या खडकांतल्या पोकळ्यांमध्ये सिलिकायुक्त पाणी झिरपलं, साचलं आणि हळूहळू घट्ट झालं. त्याचा स्फटिक झालाच नाही, आणि थोडं पाणी कायमचं आत राहिलं. बहुतेक ओपलांमध्ये ते वजनाच्या ३ ते १० टक्के असतं. केशरी-लाल रंग येतो लोहाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. ओपल म्हटल्यावर आपल्याला आठवते ती हलणाऱ्या रंगांची झळाळी. फायर ओपलमध्ये ती असेलच असं नाही. ‘फायर’ म्हणतात ते या अंगच्या रंगाला. खडा पारदर्शक असल्यामुळे पुष्कळदा त्याला पैलूही पाडतात.

आणि त्याचं नाजूकपण पैलूंवरच उघडं पडतं. ओपलची कठिणता साडेपाच ते साडेसहा, घरातल्या धुळीत असणाऱ्या क्वार्ट्‌झची सात. कोरड्या फडक्यानं पुसला तरी बारीक चरे उठतात. भिंगातून पाहिलं तर वर्षानुवर्षं बोटात राहिलेल्या खड्याचा माथा किंचित मंद आणि पैलूंच्या कडा बोथटलेल्या दिसतात. सोन्याच्या नख्यांखाली झाकलेली कड तेवढी धारदार असते. उलट नख्या झिजून पातळ झाल्यात आणि पैलू मात्र सगळीकडे करकरीत, असं दिसलं तर खडा मागाहून बसवलेला असण्याची शक्यता दाट. इथिओपियातल्या वेगेल तेनाचे ओपल २००८ नंतर बाजारात आले. तसला एखादा जुन्या कोंदणात बसवणं अवघड नाही.

खड्याची खरी परीक्षा होते ती अंगठीचं माप बदलताना. आजीची अंगठी नातीच्या बोटात बसत नाही, मग कडं कापून पुन्हा जोडावं लागतं. जोडायला ज्योत लागते, आणि ती झळ ओपलला सोसत नाही. आतलं पाणी निघू लागलं की जाळीसारखे तडे जातात, ते कधीच भरून येत नाहीत. म्हणून कारागिराला एकेक नखी उचलून आधी खडा काढावा लागतो आणि काम झाल्यावर परत बसवावा लागतो. कड्याच्या आत जोडाची फिकट रेघ आहे आणि वर जुना खडा निर्मळ आहे, अशी अंगठी मला शिक्का असलेल्या कोऱ्या अंगठीपेक्षा मोलाची वाटते. कुणा अनाम कारागिरानं घाई केली नाही, याचा तो पुरावा आहे.

आपल्याकडे शुक्राचा खडा म्हणून ओपल घालणारे पुष्कळ आहेत, आणि तीच अंगठी बोटात ठेवून भांडी घासली जातात. ती आधी उतरवावी. वाफेच्या किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात ओपल कधीही देऊ नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे. मंदावलेल्या जुन्या खड्याला नव्यानं पॉलिश करून घ्यायचा मोह होतो. मी तरी करू नका म्हणेन, कारण त्यात खडा झिजतो आणि जुन्या कोंदणात सैल होतो. खर्च करायचाच तर नख्यांवर करावा. त्या झिजल्या असतील तर लेझरनं नेमक्या टोकावर सोनं चढवता येतं, आणि जाणता कारागीर असेल तर खड्याला झळ लागत नाही.