घरट्यापासून किती लांब

कयाकबद्दल एक समज आपल्याकडे पक्का झाला आहे. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणजे पक्ष्यांना त्रास नाही. वराळे-तळेगावची आणि पुण्या-पिंपरीची मंडळी सुट्टीला पवना धरणाच्या पाण्यावर जातात, काठावर तंबूत राहतात, तिकोना आणि तुंग डोळ्यांसमोर ठेवून तासभर वल्हं मारतात. उद्या याच कयाकमधून, सोबत माहितगार घेऊन, पाणपक्ष्यांची घरटी पाहायच्या सहली निघाल्या तर त्या चालतील यात शंका नाही. त्यांना माझा विरोधही नाही. पण आवाज नाही म्हणून त्रास नाही, हे म्हणणं टिबुकलीच्या घरट्यापाशी टिकत नाही.

टिबुकली बदकाहून बरीच लहान, तपकिरी, सतत बुड्या मारणारी. गावतळ्यापासून धरणापर्यंत कुठंही दिसते. तिचं घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा ओला, कुजका ढीग, लव्हाळ्याला अडकवलेला, अर्धा पाण्यात. अंडी आधी पांढरी असतात. पुढे त्या पाल्याचाच रंग लागून मळकट होतात. घरट्यावरून उठायची वेळ आली की टिबुकली चोचीनं भराभर पाला ओढून अंडी झाकते आणि मग पाण्यात शिरते. झाकलेलं घरटं वरून वाहत आलेल्या कचऱ्यासारखं दिसतं. कावळा त्यावरून निघून जातो. या झाकाझाकीला थोडा वेळ लागतो, आणि धोका लांबून कळला तरच तो वेळ मिळतो. मोटरबोट बोंबलत येते. कयाक लव्हाळ्याच्या वळणावरून एकदम समोर उगवते. टिबुकली तशीच बुडी मारते, अंडी उघडी राहतात. त्यात कयाकमधले लोक हळू आवाजात, अगदी शहाण्यासारखे, फोटो काढत तिथंच थांबतात. ते हलत नाहीत तोवर ती परत येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या खोलीची. कयाक वीत-दोन वीत पाण्यातून जाते. लव्हाळ्यातली, पाणवेलींतली जी जागा आजवर होडीला पोचता येत नव्हती म्हणून सुरक्षित होती, तिथं नेमकी हीच पोचते. कमळपक्ष्याचं घरटं तर तरंगत्या पानांवर, नावापुरतंच असतं. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. त्या एका नराला उठवलं की घरट्याला वाली उरत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पक्षी माणसाला पाहून किती अंतरावर उठतात हे मोजून 1995 साली एक शिफारस प्रसिद्ध झाली: बगळे-करकोच्यांच्या वसाहतीपासून साधारण 100 मीटर, सुरयांच्या वसाहतीपासून 180 मीटर लांब राहावं. मावळातल्या पक्ष्यांना फ्लोरिडाचा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. तरी अंदाज येतो. शंभर मीटरवरून नुसत्या डोळ्यांना टिबुकली म्हणजे एक ठिपका. म्हणजे प्रामाणिक सहलीत घरटं दुर्बिणीतूनच दिसणार, आणि बरेचदा दिसणारच नाही. हे पैसे घेण्याआधी सांगायची हिंमत किती जणांत असेल?

उन्हाळ्यात नदी सुरय जमिनीवर अंडी घालतो. धरणाचं पाणी उतरतं, बेटं उघडी पडतात, तिथल्या वाळूत किंवा भेगाळलेल्या गाळात दोन-तीन अंडी. आडोसा काही नाही. मे महिन्याच्या दुपारी सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला; पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतो. अशा बेटावर पाय मोकळे करायला चार जण उतरले तर अंडी पायाखाली यायचीही गरज नाही. ऊन पुरतं.

कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराची गोष्ट इथं आठवते. लॉस एंजेलिस शहरानं 1941 पासून त्या सरोवराला मिळणारे ओढे आपल्याकडे वळवले. पाणी उतरत गेलं आणि 1979 साली नेगिट बेट काठाला जोडलं गेलं. कोल्ह्याच्या जातीचे कायोटी चालत पोचले आणि कुरव पक्ष्यांनी ती वसाहत सोडली. 1994 मध्ये सरकारी जलमंडळानं पाण्याची पातळी वाढवण्याचा आदेश दिला. आज तिथं कयाक चालतात, पण 1 एप्रिल ते 1 ऑगस्ट बेटांच्या मैलभराच्या आत कोणी जायचं नाही. वाटाड्याला पर्यटकाशी हुज्जत घालावी लागत नाही. नियम सरोवराचा आहे, त्याचा नाही.

आपल्याकडे कायदा आहेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. पण पवनेच्या काठावर व्याख्या वाचून कोण वल्हं मारतो? तिथं पाण्याचीच भांडणं मोठी आहेत. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. ज्या गावांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना बाहेरच्या कंपनीनं येऊन टिबुकलीसाठी मागे व्हा म्हणून सांगावं, हे चालणार नाही आणि चालूही नये. वाटाड्या काठच्या गावातलाच हवा. उजनीवर भिगवणजवळच्या कुंभारगावात मच्छीमारच पक्षी दाखवतात. कोणता पक्षी कुठं बसतो हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक होतं.

अडचण ज्ञानाची नाही, रोजीची आहे. “दादा, अजून थोडं पुढं घ्या ना” म्हणणारा गिऱ्हाईकच शेवटी वरची बक्षिसी देतो. त्यामुळे जवळ नेणारा वाटाड्या चार पैसे जास्त कमावतो आणि अंतर राखणारा नावडता होतो. बक्षिसी बंद, मजुरी ठरलेली, प्रत्येक कयाकमध्ये दुर्बीण, आणि बेटांभोवती पाण्यात दिसतील असे तरंगते खुणेचे डबे, एवढं केल्याशिवाय माहितगाराला माहितीचा उपयोग करता येणार नाही.

आणि हंगामाचा घोळ निराळाच. गर्दी हिवाळ्यात, पण हिवाळ्यात येणारी परदेशी बदकं इथं घरटी करत नाहीत. उजनीवरचे रोहितसुद्धा अंडी घालायला कच्छच्या रणाकडे जातात. टिबुकली, कमळपक्षी, पाणकोंबडी यांची घरटी मुख्यतः पावसाळ्यात, मावळात पाऊस कोसळत असताना, आणि त्या दिवसांत धरणाच्या पाण्यात कयाक घालणं हा शुद्ध वेडेपणा. मग घरट्यांच्या नावानं विकायला उरतो तो उन्हाळ्यातला सुरय, तोही लांबून. बाकीच्या वेळी सरळ पक्षी पाहायची सहल म्हणावी. पावसाळ्याचे चार महिने त्याच वाटाड्यांनी काठावरून घरट्यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या कामाचा पगार हिवाळ्या-उन्हाळ्याच्या तिकिटात धरावा. तिकीट थोडं वाढेल. तंबूतल्या एका रात्रीला लोक जे मोजतात ते पाहता ही वाढ कोणाला जड जाणार नाही.