तिथला तू आणि इथला तू

खाली बस. चहा टाकलाय, पण तो होईपर्यंत मी काय सांगते ते ऐक आणि मध्ये तोंड घालू नकोस. काल तुझ्या आईकडे बसले होते तेव्हा तू एकटाच बोलत होतास. जर्मनीतल्या स्टुटगार्टचे रस्ते, तिथली शिस्त, तिथल्या नळाचं पाणी, तिथली शांतता. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पुण्याला एक टोला. इथे धूळ, इथे हॉर्न, इथे कुणाला कशाचं काही पडलेलं नाही. तुझी आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. आईदेखत मुलाचे कान धरायचे नाहीत हे मी नोकरीभर पाळलं, म्हणून गप्प राहिले. आज तू माझ्या घरी आला आहेस.

स्टुटगार्टचं कौतुक केलंस याचा मला राग नाही. कौतुक करण्यासारखंच शहर आहे ते. भाच्याकडे एक उन्हाळा राहून मी ते डोळ्यांनी पाहिलंय. राग आला तो तुझ्या सहा वर्षांच्या मुलीने आजीच्या हातातला पेला दोन बोटांनी मागे सारला तेव्हा. "पप्पा, हे डर्टी नाही ना?" असं ती विचारत होती आणि तू हसत होतास. पाणी उकळून, गाळून, तांब्यात भरून ठेवलेलं होतं. त्या लेकराला आजीच्या हाताची किळस करायला कुणी शिकवलं? शाळेत नाही शिकवलं. तुझं बोलणं ऐकून ऐकून शिकली.

गणितात तू माझ्या वर्गात पहिला असायचास. दोन राशींची तुलना करायची तर आधी एकक सारखं करून घ्यायचं, हे तुला आठवीत घोटून घेतलं होतं. मग काल काय मांडलंस? एका बाजूला तिथे स्वतः राबणारा तू, आणि दुसऱ्या बाजूला इथे कशालाही हात न लावणारा तू. आणि फरक जो आला तो देशाच्या नावावर टाकून मोकळा झालास. ही मांडणीच चूक आहे. मी तेव्हाही अशा उत्तराला गुण दिले नाहीत, आजही देणार नाही.

स्टुटगार्टमधल्या तुझ्या इमारतीचा जिना चकचकीत असतो म्हणालास. तो कोण पुसतं ते का नाही सांगितलंस? भाच्याच्या दारावर एक दिवस पाटी लटकलेली दिसली. मला वाटलं कसली नोटीस आली. त्याने सांगितलं, या आठवड्यात केर काढायची पाळी आपली. केरवोखे म्हणतात तिथे त्याला. शनिवारी सकाळी तो बादली आणि फडकं घेऊन जिन्यात उतरला. आपल्या मजल्याच्या पायऱ्या पुसल्या, कठडा पुसला, खिडकीच्या चौकटीवरची धूळ टिपली. मोठी पाळी असली की तळघर, अंगण आणि समोरचा पदपथही झाडायचा. हिवाळ्यात बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत पदपथ मोकळा करायचा. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला. समोरच्या म्हाताऱ्या बाई दार किलकिलं करून कोपरे पाहून गेल्या, तेव्हा मोठ्या कंपनीत हुद्द्यावर असलेला माझा भाचा फडकं हातात घेऊन शाळकरी पोरासारखा उभा होता. मला तो त्या दिवशी फार आवडला.

ही सवय त्यांना आभाळातून मिळालेली नाही. प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला गावाबाहेर न्यावी, असा नियम तिथल्या नगरकायद्यात 1492 साली आला. 1714 मध्ये तिथल्या ड्यूकने गल्ल्या साफ ठेवण्याचा वेगळा हुकूम काढला. 1988 मध्ये नगरपालिकेने सक्ती उठवली, तरी घरमालकांनी भाडेकरारात ते कलम ठेवलंच. म्हणजे पाचशे वर्षं कुणीतरी हुकूम काढला, कुणीतरी दंड केला, कुणीतरी शेजाऱ्याचे कोपरे तपासले आणि प्रत्येकाने कंबर वाकवली. तू त्या शहरात गेल्यावर तूही वाकवलीस. प्लास्टिकची बाटली यंत्रात घालून तिचे 25 सेंट परत घेतोस, वेष्टनं वेगळी ठेवतोस, काच रंगाप्रमाणे वेगळी टाकतोस, आणि तीही रविवारी टाकत नाहीस, कारण आवाजाने लोकांची विश्रांती मोडते. हे सगळं तू करतोस आणि नीट करतोस. त्याबद्दल शाबास.

आता इथला तू. परवा सकाळी तुझ्या आईच्या दाराच्या कडीला एक काळी पिशवी लटकत होती. गाठ सैल सुटलेली. आत खरकटा भात, दुधाच्या पिशव्या, पिझ्झाचा पुठ्ठा, औषधाची रिकामी पाकिटं आणि तुझ्या धाकट्याचे वापरलेले डायपर, सगळं एकत्र कोंबलेलं. ती पिशवी आईने भरलेली नव्हती. तुझ्या आईचे ओल्याचा आणि सुक्याचा असे दोन डबे मोरीपाशी आहेत. गेली कित्येक वर्षं मी पाहते आहे. ती पिशवी तू भरलीस आणि तूच टांगलीस. तिथे दाराला पाळीची पाटी लागली की शनिवार मोडून जिना पुसणारा माणूस तो हाच का?

ती पिशवी पुढे कुठे गेली ते सांगते, कारण तुला ते पाहायला वेळ नव्हता. आपल्याकडे 'स्वच्छ'च्या कचरावेचक येतात. 1993 साली बाबा आढावांच्या पुढाकाराने याच पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. आपल्याकडे येते ती बाई फाटकाशी उकिडवी बसून तुझ्या पोराच्या डायपरमधून दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढत होती. त्या पिशव्या भंगारात विकून तिच्या पदरात चार पैसे पडतात, म्हणून त्या टाकून देणं तिला परवडत नाही. डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे हात घालायच्या आधी कळेल, एवढंच या बायकांचं शहराकडे मागणं आहे. एक वर्तमानपत्राचा कागद आणि एक लाल पेन. तुझ्याच्याने एवढं झालं नाही, आणि दुपारी तू म्हणालास की या देशात स्वच्छतेची जाणीवच नाही. जाणीव तिला आहे. ती नसती तर तुझ्या आईच्या जिन्यात नाक धरून चढावं लागलं असतं.

आणि रविवार. तिथल्या रविवारचं किती वर्णन केलंस! दुकानं बंद, रस्ते निवांत, कुणी गवत कापायचं यंत्रसुद्धा चालवत नाही. खरं आहे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला जाईल, हे त्यांच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेतलं 139 वं कलम 1949 च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे त्यांच्या आजच्या राज्यघटनेत, उचलून घेतलेलं आहे. दुकानातल्या मुलीलाही घर आहे, हे त्या देशाने राज्यघटनेत लिहून ठेवलं. तुला ते भावलं. पण तुझ्या आईकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा "या लोकांचे फार लाड झालेत" असं तू तिथून फोनवर म्हणालास. फोनचा स्पीकर चालू होता. बाई मोरीत भांडी घासत होत्या, त्यांनी ते ऐकलं. मी तिथेच होते. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा घासायला लागल्या. तू स्टुटगार्टला सोफ्यावर बसून, राज्यघटनेने दिलेली विश्रांती घेत, इथल्या एका बाईची आठवड्यातली एक सकाळ नाकारत होतास. याच पुण्यात 1980 साली मोलकरणी संपावर गेल्या, तेव्हा भरपगारी सुट्टी ही त्यांची एक मागणी होती. 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. तरीही आठवड्याची सुट्टी अजून प्रत्येक ओट्यापाशी एकेकीला मागावी लागते, आणि ती नाकारायला तुझ्यासारखी शिकलेली मुलं पुढे असतात.

पैशाचं बोलू. तिथे बहुतेक वस्तूंवर 19 टक्के कर, किराण्यावर 7 टक्के, पगारातून आयकर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता. घरात टीव्ही असो वा नसो, सार्वजनिक प्रसारणासाठी घरामागे महिन्याला 18.36 युरो. तू ते हूं की चूं न करता भरतोस, "त्याबदल्यात सगळं मिळतं ना" असंही म्हणतोस. आणि गेल्या आठवड्यात आईच्या न्हाणीघराची फरशी बदललीस ती कच्च्या बिलावर, कारण पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी पडतो. दुकानदाराने सुचवलं म्हणून सांगू नकोस. तुला नाही म्हणता आलं असतं. कर तिथे द्यायचा आणि रस्ता इथे मागायचा, हे कोणत्या हिशेबात बसतं?

सिग्नलचं लांबवत नाही. तिथे रात्री रिकाम्या रस्त्यावर लाल माणूस दिसला की थांबतोस, इथे पुढचं वळण लांब पडतं म्हणून वडिलांची स्कूटर उलट्या बाजूने घातलीस आणि मुलीला पुढे उभं केलं होतंस.

बरं, तिथलंही सगळं तू सांगितलं नाहीस. दाताला टोपी बसवायला सुट्टीत इथे येतोस, कारण तिथे विमा सगळा खर्च देत नाही. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर पोचल्या, आणि त्यांच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत. तुझ्या शहरातलं नवं भुयारी स्थानक 2010 साली खणायला घेतलं, 2019 च्या शेवटी उघडायचं होतं. 2025 सरलं तरी उघडलं नाही आणि खर्च 11 अब्ज युरोंच्या वर गेला. हे इथल्या लोकांनी टाळ्या पिटाव्यात म्हणून सांगत नाही. तुझी पाठ वळताच समोरचे काका म्हणाले, "असेल स्वच्छता, पण तिथे माणुसकी नाही, म्हातारे एकटे मरतात." त्यांनाही मी तिथल्या तिथे विचारलं, तुमच्या मजल्यावरच्या आजी पडल्या तेव्हा तुम्हाला किती दिवसांनी कळलं? दुसऱ्याच्या उणेपणावर आपली पोळी भाजून घेणारे तेही तुझ्याच जातकुळीचे. दोघांनाही हात न हलवता मोठं व्हायचं आहे.

महापालिकेला मी सोडते असं समजू नकोस. पदपथ खणून ठेवतात, कंत्राटदार बदलतो, खड्डा तसाच राहतो. मी त्यांना अर्ज लिहून लिहून थकले नाही आणि थकणारही नाही. तुझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. परदेशातल्या नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येतं, ते तू घातलेलं नाहीस. वॉर्ड ऑफिसला एक ईमेल तिथे बसूनही लिहिता येतो.

परदेश पाहून आलेली माणसं आपल्याकडे काही नवी नाहीत. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि 1889 च्या सुरुवातीला परतल्या. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. बायकांच्या शिक्षणाचं, त्यांच्या संघटनांचं त्यात भरभरून कौतुक आहे. काळ्यांना आणि मूळ रहिवाशांना दिलेल्या वागणुकीवर कडक ताशेरेही आहेत. डोळे दोन्हीकडे उघडे होते. आणि पुस्तक बाहेर पडायच्या आधीच मुंबईत शारदा सदन सुरू झालं होतं. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट 1904 साली शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले, एडिंबरोला शिकले, पॅरिसला बाँबची विद्या घेऊन 1908 मध्ये परतले. पुढे तुरुंग भोगून पारनेरला आले, तेव्हा या विलायत पाहिलेल्या ब्राह्मणाने हातात झाडू घेतला. गावचे रस्ते झाडले, संडास साफ केले. मुळशीचा सत्याग्रह आणि 'सेनापती' हे नाव त्यानंतरचं. तुझ्याकडून मी बाँबची आणि सत्याग्रहाची अपेक्षा करत नाही. झाडूची मात्र करते, कारण तो तुला चालवता येतो.

तू हुशार आहेस म्हणून एवढं बोलले. ज्याच्याकडून काही होणार नाही त्याच्यावर मी तोंड वाजवत नाही, हे तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तर ऐक. उद्या सकाळी साडेसातला कचरावेचक बाई येतात. दार आईने नाही, तू उघडायचं. ओला वेगळा, सुका वेगळा, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. मुलीला बरोबर घे आणि तिच्या हाताने डबा द्यायला लाव. बाईंना त्यांचं नाव विचार आणि मुलीलाही सांग. धुणीभांडीवाल्या बाई नऊला येतात. रविवारची सुट्टी या आठवड्यापासून, पगार न कापता, हे तू स्वतः त्यांना सांगायचं आणि त्या दिवशी स्पीकरवर जे बोललास त्याची माफी मागायची. तू परत गेल्यावर सुट्टी बंद झाली तर मला कळेलच, मी खालच्या मजल्यावर राहते. आजीच्या हातचं पाणी आधी तू पी, मुलीसमोर.

चहा घे, गार होतोय. आणि तो झाला की घरी न जाता आधी फरशीवाल्याकडे जा, 18 टक्के भर आणि पक्कं बिल घेऊन ये. दुकान आठपर्यंत उघडं असतं.