टाकावे की ठेवावे?

नाताळाआधी घर आवरायला घेतले की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल." मग जुने डबे, बंद घड्याळ, मुलांना आखूड झालेले स्वेटर आणि कोणत्या मोबाइलचा ते न आठवणारा चार्जर पुन्हा माळ्यावर जातात. हा टापटिपीचा प्रश्न आहे असे आपण समजतो. आम्हांला वाटते, हा कारभारीपणाचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, काटकसर हा तर सद्गुण आहे. खरेच आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या (योहान ६). मग साठवण चुकते केव्हा?

निर्गमाच्या १६ व्या अध्यायात याचे उत्तर सापडते. रानात इस्राएल लोकांना माणशी एक ओमर मान्ना मिळे. काहींनी तो सकाळपर्यंत ठेवला, तेव्हा त्यात किडे पडले व घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून शब्बाथासाठी ठेवलेला मान्ना चांगला राहिला. मान्ना तोच होता. एक साठवण देवाच्या सांगण्यावरून, ठरलेल्या गरजेसाठी होती. दुसरी उद्याच्या धास्तीने केलेली होती. माळ्यावरच्या प्रत्येक वस्तूला आपण हेच विचारावे : तू गरजेसाठी आहेस की धास्तीपोटी?

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासील याने कोठारे वाढवू पाहणाऱ्या धनवानाच्या दाखल्यावर (लूक १२) उपदेश केला. पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्यावाघड्याचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. हे बोचते, कारण आपण कोणाचे काही घेतलेले नसते. परंतु शेजारच्या वस्तीत मूल थंडीने कुडकुडत असेल, तर तो आखूड स्वेटर आजच उपयोगी आहे. फक्त आपल्या घरी नाही.

मात्र देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात लोटणे नव्हे. आंधळे व लंगडे पशू वेदीवर आणणाऱ्यांचा मलाखीने निषेध केला. सदरा द्यायचा तर तो धुऊन, तुटलेली बटणे लावून द्यावा. जे सख्ख्या भावाला देणार नाही, ते गरिबालाही देऊ नये.

आणि आठवणीच्या वस्तू? आईची साडी, वडिलांचे जीर्ण पवित्र शास्त्र? यहोशवाने यार्देनेतून आठवणीसाठी धोंडे आणवले, ते बाराच. आठवण जरूर ठेवावी, पण मोजकी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना दोन प्रश्न घरी न्यायला द्यावेत. आपल्या घरातील कोणत्या वस्तूला वर्षभर कोणाचा हात लागला नाही? आणि ती आज कोणाला हवी आहे? पहिल्याचे उत्तर माळ्यावर मिळेल. दुसऱ्यासाठी मात्र मुलांना, आणि त्यांच्याबरोबर आपल्यालाही, दाराबाहेर पाहावे लागेल.