फुगा दाबलेला असेपर्यंत

मोठ्या फॉरमॅटच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगाला हवेवर चालणारं शटर बसवत. रबरी फुगा दाबला की नळीतली हवा बारक्या नळकांड्यातला दट्ट्या सरकवते आणि पाती उघडतात; मूठ सैल केली की मिटतात. आजच्या कॅमेऱ्यावरचं ‘बी’ (‘बल्ब’) हे अक्षर त्या फुग्याचीच आठवण. काचेने किती वेळ पाहायचं, हे इथे हात ठरवतो. साजगावच्या कार्तिकातल्या यात्रेत बोंबल्या विठोबाच्या देवळासमोर, भिंगाचं तोंड अगदी बारीक करून फुगा मिनिटभर दाबून धरला, तर देऊळ ठसठशीत उमटेल आणि सुक्या मासळीची घासाघीस करत पुढे सरकणारी गर्दी धुरासारखी विरेल. मग म्हणावंसं वाटतं की टिकतं ते सत्य, सरकतं ती माया. त्रिकालाबाधित सत्याचा जणू पुरावाच मिळाला. मला हा पुरावा मान्य नाही.

१८३८ साली छायाचित्रकार डागेरने पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचं चित्र घेतलं. त्यात गाड्याघोडे गायब, आणि बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा शिल्लक. तो गाड्यांपेक्षा अधिक खरा नव्हता, नुसता थांबला होता. गाड्यांचा प्रकाशही चित्राच्या पत्र्यावर पडलाच. एकेका जागी तो इतका थोडा पडला की ठसा उठला नाही. न उमटणं म्हणजे नसणं नव्हे. कुणी म्हणेल, तरी टिकणाऱ्याचं पारडं जड नाही का? मग फुगा दिवसभर दाबून ठेवा: देवळाची सावलीही पुसट होईल. शतकं ठेवा, दगडही झिजेल. तिन्ही काळांची साक्ष द्यायला कुठलीच काच पुरी पडणार नाही. तिला तिच्यापुरताच काळ ठाऊक.

मग सगळं हाताच्या मर्जीवर आलं का? नाही. हात वेळ ठरवतो, कोण थांबणार हे ठरवत नाही. शिवाय वारकऱ्यांचा देव विटेवर उभा आहे तो पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला म्हणून. हलत्या माणसाच्या कामामुळे त्याचं थांबणं. ज्ञानेश्वरांनी ‘अनुभवामृता’त अज्ञानखंडनाला एक अख्खं प्रकरण दिलं आणि जगाला चिद्विलास, म्हणजे चैतन्याचा खेळ, मानलं. या नजरेने पाहिलं तर काचेवरचा धूर हा दोष नाही, तोही विलासच. आणि बोंबलांच्या पाटीमागे मिनिटभर मान न हलवता बसलेली विक्रेती देवळाइतकीच ठळक येईल. तिच्याशी भाव करणारं गिऱ्हाईक मात्र नाही.