फोटोला बसताना

फोटो काढायचा म्हटला की चांगली बोलकी माणसेही एकाएकी मुकी होतात. हात कोठे ठेवावेत ते सुचत नाही, मान ताठते, आणि ओठांवर आणलेले हसू बटण दाबले जाईपर्यंत सुकून जाते. मुरगावसारख्या बंदराच्या गावी हा प्रसंग कोणालाच चुकत नाही. बोटीवर जाणाऱ्याला पासपोर्टासाठी आणि सीडीसीसाठी फोटो लागतो, बंदरात कामाला लागणाऱ्याला ओळखपत्रासाठी लागतो. शिवाय बाप्तिस्मा, लग्न, नाताळचा कार्यक्रम आहेतच. एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. पण कॅमेऱ्यापुढे अंग चोरणे ही नम्रता आहे की अहंकाराचीच एक तऱ्हा आहे, हा प्रश्न आम्हांला लहान वाटत नाही.

पुष्कळ जण तिला नम्रता समजतात. "आमचे कसले फोटो काढता?" असे म्हणून मागे सरणारी व्यक्ती साधी आणि विनयशील ठरते. याउलट काही जण म्हणतील की, ज्याला स्वतःच्या रूपाची फार काळजी तोच कॅमेऱ्याला भितो. दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य असेल. परंतु कोणालाही नम्र किंवा गर्विष्ठ ठरवण्यापूर्वी एक साधे कारण पाहिले पाहिजे. आपण आपला चेहरा ओळखतो तो आरशातला, आणि आरशात उजव्याचे डावे होते. भांग, गालावरचा तीळ, किंचित वाकडे हसू, सगळे उलट्या बाजूला. फोटोत ते सुलट येते आणि आपल्याला परके वाटते. 1977 साली अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. त्यांनी काही स्त्रियांना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सुलट आणि एक आरशासारखी उलटी. त्या स्त्रियांचा कल आरशासारख्या प्रतीकडे दिसला. त्यांच्या जिवलगांचा कल मात्र सुलट प्रतीकडे होता.

वाचकहो, या लहानशा गोष्टीत मोठा अर्थ आहे. "मी फोटोत चांगला दिसत नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा ज्या चेहऱ्याला आपण नाकारतो तोच चेहरा आपल्या माणसांना प्रिय असतो. आपल्या रूपाचा निवाडा करण्याच्या कामी आपण स्वतः फारसे विश्वासू साक्षीदार नाही.

संकोचाचे दुसरे कारण मात्र आपल्यात नसून पाहणाऱ्यात असते. 1839 साली फोटोची कला जगापुढे आली, तेव्हा एका फोटोसाठी काही मिनिटे निश्चल बसावे लागे. डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. जुन्या फोटोंतील माणसे लाकडासारखी ताठ दिसतात त्याचे हे एक कारण. पुढे वेळ कमी झाला, पण पाहणाऱ्याची नजर सुधारलीच असे नाही. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील लोकांच्या फोटोंचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील बहुसंख्य माणसांना नाव नाही. जात किंवा जमात लिहिली आहे आणि तिच्या स्वभावावर शेरा मारला आहे. ज्याला नमुना म्हणून उभे केले आहे, त्याने मोकळेपणाने हसावे तरी कोणाकडे पाहून?

गोव्याला या बाबतीत एक वेगळी आठवण आहे. पेडणे भागातून मुंबईला गेलेल्या लाड घराण्यातील डॉ. भाऊ दाजी आपल्याला ठाऊक असतात. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्य, आणि 1854 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीतील आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक. आपल्या लोकांचे फोटो आपल्याच माणसाने काढण्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांत त्यांची गणना होते. पण पाहणारा आपला असला म्हणजे नजर आपोआप मायेची होते, असे आम्ही म्हणणार नाही. "काळी आलीस गं फोटोत" हे वाक्य परक्याचे नसते, घरातलेच असते. रंगीत फिल्मचे रंग जुळवण्यासाठी परदेशी कारखान्यांनी अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचे चित्र प्रमाण धरले होते. त्यामुळे सावळे चेहरे नीट उमटत नसत. दोष फिल्मचा, आणि खाली मान घालावी लागली मुलीला.

येथवर आम्ही संकोच करणाऱ्याची बाजू घेतली. आता त्याला दोन शब्द सांगणे भाग आहे. मंडळीत एखाद्याचे निधन होते आणि स्मरणाच्या उपासनेसाठी फोटो शोधू लागतात. आयुष्यभर सर्वांना जेवू घालणाऱ्या आईचा एकही फोटो सापडत नाही. प्रत्येक वेळी ती "तुम्ही बसा, मी येते" म्हणून स्वयंपाकघरात गेलेली असते. शेवटी ओळखपत्रावरचा, भेदरलेल्या डोळ्यांचा फोटो मोठा करून टेबलावर ठेवतात. नातवंडांना पुढे तीच आजी माहीत होते. फोटो आपल्यासाठी नसतो, मागे राहणाऱ्यांसाठी असतो, एवढे ध्यानात आले तरी संकोच पुष्कळ कमी होईल. फोटोला बसणे म्हणजे मिरवणे नव्हे. मिरवणाऱ्याचे लक्ष स्वतःवर असते, भिणाऱ्याचेही स्वतःवरच असते. ज्याचे लक्ष समोरच्या माणसावर गेले, त्याचा चेहरा आपोआप खुलतो. म्हणून "मी कसा दिसतो?" हा विचार सोडून कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाशी दोन शब्द बोलावे, श्वास सावकाश सोडावा, हातात नेहमीची एखादी वस्तू घ्यावी. शिवणाऱ्या बाईने शिवण घेतली तर तिचे हात कधीच अवघडत नाहीत. आणि ज्याला खरोखरच फोटो नको असेल, त्याच्या नकाराचा मान राखावा. बळजबरीने काढलेल्या फोटोत माणूस नसतो, त्याची नाराजी असते.

संडेस्कूलच्या शिक्षकांवर याची विशेष जबाबदारी आहे. वर्गाचा फोटो काढताना चांगल्या कपड्यांची मुले पुढे आणि जुन्या कपड्यांची मागे, असे नकळत होते. "हस ना, असा काय रडका चेहरा करतोस!" असे चारचौघांत ऐकलेले मूल ते वाक्य विसरत नाही. फोटो फोनवरून सर्वांना पाठवण्यापूर्वी आईबापांना आणि मुलालाही विचारावे. शमुवेल इशायाच्या घरी आला तेव्हा थोरले पुत्र एकामागून एक त्याच्यापुढे उभे करण्यात आले. धाकटा रानात मेंढरांमागे होता आणि त्याला बोलवावे असे घरातल्या कोणालाही वाटले नव्हते. तो येईपर्यंत आपण भोजनास बसणार नाही, असे शमुवेलाने सांगितले. आपल्या वर्गातही असे एखादे मूल दाराशी किंवा खांबाआड उभे असेल. फोटोग्राफरला क्षणभर थांबवावे, त्याला नावाने हाक मारावी, आणि ते येऊन उभे राहीपर्यंत फोटो काढू नये.