ग्रंथाची नक्कल आणि ग्रंथकाराची बिदागी

ग्रंथ एका वाचकाकडून दुसऱ्याकडे उतरून गेला तरी पहिल्याचे काही उणे होत नाही. जोंधळ्याच्या पोत्याला हे जमत नाही. विद्या वाटल्याने वाढते हे सुभाषितकारांचे म्हणणे याच गुणावर उभे आहे, आणि नक्कल करणे पाप की पुण्य हा प्रश्नही त्यातूनच निघतो. मोबाइलवर पुस्तकाची पीडीएफ पुढे पाठवणाऱ्याला आपण चोरी करतो आहोत असे सहसा वाटत नाही. त्याच्या मनात ज्ञानदानाची जुनी कल्पना असते. ती खोटी नाही, पण अर्धीच उचललेली आहे.

तिचे पूर्ण रूप साताऱ्याजवळच्या सज्जनगडाच्या परंपरेत सापडते. समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, कागद, शाई आणि लेखणी कशी असावी, इतक्या बारकाईने तो बोलतो. पोथी उतरवणे ही समर्थ संप्रदायात साधना होती. रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली ती याच भावनेने. पण त्याच ग्रंथाच्या १४ व्या दशकात भिक्षेवरही स्वतंत्र समास आहे, आणि पीडीएफवाले विसरतात तो हा. पोथी उतरवून घेणारा समाज आणि दारी आलेल्या रामदाशाच्या झोळीत पसाभर धान्य घालणारा समाज एकच होता.

धर्मशास्त्रातही हीच विभागणी दिसते. वेतन ठरवून वेद शिकवणाऱ्याला मनुस्मृती श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. अध्ययन संपल्यावर गुरूला दक्षिणा देणे मात्र विहित मानते. ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे सांगता आले, कारण ऋषीच्या जेवणाची सोय गृहस्थाच्या धर्मात आधीच लावलेली होती.

मराठीने हा भेद शब्दांतच जपला आहे. भाजीला भाव असतो, कापडाला किंमत असते. कीर्तनकाराला बिदागी मिळते, शास्त्र्याला वर्षासन, तमासगिराला दौलतजादा, व्याख्यात्याला मानधन. किंमत वस्तूची, बिदागी माणसाची. नक्कल फुकट झाली की पुस्तक नावाच्या वस्तूची किंमत शून्यावर येऊ शकते. लेखकाची बिदागी तेवढ्याने माफ होत नाही.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची खोट झाकता येत नाही. दक्षिणा आणि वर्षासन जात पाहून वाटले जाई, आणि झोळीवर गोसाव्याचे भागले तरी बायकामुले असलेल्याचे भागत नसे. राजाश्रय हा त्यावरचा उपाय होता, तोही राजाच्या आयुष्याइतकाच. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. १८५१ मध्ये पटवर्धन वारले, दरबाराचा हात आखडला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. त्यांची धाटणी पाहून दुसऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांना अडवणारा कायदा नव्हता. सूत्रधाराची पद्ये ऐकून उतरवता येत, पण त्या रात्रीचा खेळ उतरवता येत नसे, आणि भाव्यांनी विकला तो खेळ. व्याख्यान, कार्यशाळा किंवा अभिवाचन यांवर घर चालवणारा आजचा लेखक त्याच वाटेने जातो. वाचकांनी थेट पैसे पाठवावेत म्हणून तो लेखाखाली क्यूआर कोड ठेवतो, ती मात्र रामदाशाची झोळी आहे. घरात बसून एकट्याने कादंबरी लिहिणाऱ्याला यांतले काहीच नीट पुरत नाही.

तिसरी वाट सातारा जिल्ह्यातच, वाईला, चालून पाहिली गेली. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने साहित्य संस्कृती मंडळ स्थापले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. त्यातून मराठी विश्वकोश उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. नोंद लिहिणाऱ्याला मानधन सरकारने दिले, आणि आज तो कोश कोणीही इंटरनेटवर फुकट वाचू शकतो. दक्षिणा आणि मुक्त विद्या यांची जुनी जोडी इथे नव्याने जमली आहे. कोशाला ही सोय शोभते. सरकारवरच टीका करणाऱ्या लेखकाने मात्र सांगलीचे १८५१ साल आठवावे.

उरतो कायदा. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राखतो. हक्क राखल्याने पोट भरतेच असे नाही. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिराग नगरात झोपडीत राहून लिहीत होते. त्या काळात पीडीएफ नव्हती, कायदा होता, ‘फकिरा’ला राज्य पुरस्कारही मिळाला होता. त्यांच्या गरिबीचा दोष नकलेवर टाकता येत नाही. बिदागी द्यायला समाज चुकला. अण्णाभाऊ १९६९ मध्ये वारले. ‘फकिरा’वरचे हक्क २०२९ च्या अखेरीस संपतील आणि १ जानेवारी २०३० पासून तो कोणालाही मुक्तपणे छापता येईल.