वंशाची टक्केवारी कोणाच्या तुलनेत?

लाळेची नळी डीएनए चाचणीच्या कंपनीकडे पाठवली की काही आठवड्यांनी वंशाची टक्केवारी हाती येते आणि दशांशातला आकडा काट्यावर तोलून आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तिथे तुलना होते. गुणसूत्रांचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा आधी गोळा केलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या कोणत्या गटाशी अधिक जुळतो ते पाहायचे आणि बेरीज मांडायची. संग्रहात जो समाजच नाही, त्याचे नाव उत्तरात कुठून येणार? ‘१००० जीनोम्स’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या संग्रहात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी गट एकही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडच्या पोडावरला, म्हणजे आदिवासी वस्तीवरला, कोलाम अशा संग्रहापुढे उभा केला, तर तो या पाचांतच वाटला जाईल. कंपन्यांचे स्वतःचे संग्रह मोठे असतात खरे, पण त्यांत गिऱ्हाइकांचा भरणा असतो, आणि किट विकत घेणारा पोडावर क्वचितच राहतो.

संग्रह वाढले की टक्केवारी खरी होईल, असे कोणी म्हणेल. ‘जीनोम इंडिया’तली दहा हजार भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली; त्याने तुलना नक्कीच बारीक होईल. अडचण मात्र आणखी खोल आहे. जनुकशास्त्रज्ञ लालजी सिंग, कुमारसामी थंगराज आणि डेव्हिड राइख यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार बहुतेक भारतीय समाज दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून घडले, फरक प्रमाणाचा. हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले आणि मग जातीतल्या जातीत लग्ने करून आपण ते थांबवले, असे २०१३ चे संशोधन सांगते. गोंडांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. भाषा द्राविडी, पण २०१७ च्या अभ्यासात जनुकीय जवळीक मुंडा भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांशी अधिक दिसली. अशा माणसाच्या अहवालावर ‘द्राविडी’ लिहायचे की ‘मुंडा’? जवळचे नातलग ओळखायला ही चाचणी भरवशाची आहे. समाजाचे नाव ठरवणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तरीही कोणी विचारेल: जमातीच्या बोगस दाखल्यांमुळे खऱ्या आदिवासींच्या राखीव जागा जातात, मग डीएनएनेच सोक्षमोक्ष का लावू नये? यातली तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा. यवतमाळ जिल्ह्यात पूर्वी केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांतल्याच गोंडांना अनुसूचित जमातीचा दर्जा होता. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन उठले आणि पुसद-दारव्ह्याचा गोंडही यादीत आला. त्याच्या रक्तात त्या वर्षी काहीच बदलले नव्हते. यादी ही सामाजिक ओळख आणि वंचना यांची कायदेशीर नोंद आहे. चालीरीती जुळवून पाहणारी आप्तभाव चाचणीसुद्धा निर्णायक कसोटी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. मग कंपनीच्या संग्रहावर बेतलेली टक्केवारी तिच्या जागी कशी बसवायची? स्वातंत्र्यापूर्वीचा कागद नाही म्हणून कोलामाच्या पोराच्या जमातीच्या दाखल्याची पडताळणी अडते, तेव्हा त्याच्या घराला लागते ती आजोबाची शाळेतली दाखल-खारीज नोंद, गावच्या जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकाची नक्कल, आणि ती कपाटातून शोधून वेळेत हातात देणारी कचेरी.